आक्काने न मारलेली सोंगटी

मोबाइलवरचे खेळ मी खेळतो. न खेळता नावं ठेवणं मला पटत नाही, म्हणून आधी खेळलो आणि मग किळस आली. मी इस्लामपूरजवळच्या एका साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहे. हंगाम संपला की काट्याकडे कुत्रंही फिरकत नाही. त्या रिकाम्या महिन्यांत हे सगळं हातून घडलं.

शेतीचा खेळ सगळ्यांत आधी काढून टाकला. त्यात ऊस लावला की चहाला उकळी येईपर्यंत तोडणीला येतो. पाणीपाळी नाही, तोडकऱ्यांची टोळी नाही, ट्रॅक्टरची रांग नाही. काटाही नाही, उसाची थेट सोन्याची नाणी होतात. गाय दूध देते, पण शेण टाकत नाही. ज्याने हा खेळ केला त्याच्या अंगाला उसाचं पान कधी घासून गेलेलं नसणार.

गोळ्या फोडायच्या खेळात तीन रंग जुळले की आतून कुणीतरी जाड आवाजात शाबासकी देतं. मी काय केलं होतं? बोट सरकवलं होतं. शाळेत गणिताला पैकीच्या पैकी मिळाले तेव्हाही माझ्या वाट्याला एवढं कौतुक आलं नव्हतं. पन्नाशीकडे निघालेल्या माणसाला असल्या फुकटच्या शाबासकीची चटक लागते, ही त्यातली खरी घाण.

विमानातून छत्रीने उतरून एकमेकांना गोळ्या घालायचा खेळ तर विचारूच नका. माणूस मेला की त्याच्या जागी एक पेटी उरते आणि मारणारा तिच्यातून त्याची टोपी, बंदूक, सगळं काढून घेतो. माझा साडू शिरवळला राहतो, फौजेतून निवृत्त झालेला. त्याला एकदा खेळून दाखवला. त्याने चष्मा वर सरकवून थोडा वेळ पाहिलं.

"ह्यात वाट बघणं कुठं हाय? आमी तिकडं नुसती वाट बघत हुतो," तो म्हणाला. "आन् मेलेल्याचं सामान काढतंय ते कोण? लाज न्हाई व्हय त्याला?"

"मीच आहे तो."

त्याने माझा फोन उचलून टेबलावर पालथा घातला आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं.

एकच खेळ ठेवला होता, लुडो. तोही चांगला म्हणून नव्हे. त्याचं कारण आक्का.

आक्का माझी थोरली बहीण, आटपाडीकडे दिलेली. गेल्या हंगामात माझ्या मुलीचा साखरपुडा ठरला. काट्यावर रात्रंदिवस गाड्या, रजा मिळेना, म्हणून मी आक्काला फोनवर बोलावलं. आमच्यात थोरल्या बहिणीला घरी जाऊन, कुंकू लावून बोलावतात.

"फोनवर बोलावतूस व्हय रं? मी काय गॅसची टाकी हाय?" असं म्हणून तिने फोन ठेवला. साखरपुड्याला आली नाही. त्यानंतर तिचा फोन नाही आणि माझाही नाही. लग्न दिवाळीनंतर आहे. आत्याशिवाय पोरीच्या डोक्यावर अक्षता पडणार का, हा घोर आमच्या घरात रोजचा झाला.

आणि या लुडोने, मला न विचारता, माझ्या फोनमधल्या सगळ्यांना माझ्या नावाने 'चल, खेळूया' म्हणून आमंत्रणं धाडली. साखर आयुक्तालयातल्या एका साहेबालाही गेलं. मी शरमेने अर्धमेला झालो. पण दुपारी पटावर समोर आक्काचा फोटो उगवला. साखरपुड्याचं फोनवरचं बोलावणं तिला चाललं नव्हतं, हे चाललं.

मग रोज दुपारी आम्ही खेळू लागलो. शब्द एक नाही. मधे मधे जाहिराती, एकीत तर दातांतली कीड मोठी करून दाखवायचे. तेही सोसलं. कारण चौथ्या-पाचव्या डावात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तिला तीन पडले आणि माझी सोंगटी तीन घरांवर असली, तरी ती दुसरीच सोंगटी हलवायची. एकदा झालं तर योगायोग. पण माझा धंदा आकड्यांचा आहे. इतक्या वेळा योगायोग होत नाही. आक्का मला मारत नव्हती. मीही तिला मारणं सोडलं. त्यापेक्षा जास्त बोलणं आमच्यात होत नव्हतं, पण ते पुरत होतं.

एका दुपारी माझी एक सोंगटी घराच्या तोंडाशी असताना तिने मारली. मागोमाग दुसरीही. मी फोन बंद केला. बायकोला म्हणालो, "आक्का येत नाही लग्नाला. सोड."

दोन दिवस मी पट उघडला नाही. तिसऱ्या दिवशी आक्काचा खराखुरा फोन आला.

"का रं, खेळत न्हाईस? आजारी हाईस का काय?"

"मारलंस की मला."

"म्या कवा मारलं? परवा डाळिंबाची गाडी भरत हुती. फोन खाटंवर तसाच."

"मग मारलं कोणी?"

"मला काय ठावं? त्या मेल्या गेमला विचार!"

विचारलं. बायकोच्या फोनवर दुसरा डाव मांडला आणि माझा फोन हात न लावता ठेवून दिला. फोटोभोवतीचं वेळ मोजणारं कडं फिरून संपलं, आणि माझ्या वतीने खेळानेच चाल केली. काही वेळाने बायकोची सोंगटी टप्प्यात आली, ती त्याने बिनदिक्कत मारली.

"आवं, मला का मारलंत?" बायको ओरडली.

इतका निर्लज्ज खेळ मी पाहिला नाही. माणूस गाडी भरायला उठला, की त्याच्या नावाने हा त्याच्या सख्ख्या भावाला मारतो. त्याच मिनिटाला तो काढून टाकला आणि आक्काला फोन लावला.

"खरं हाय तुझं. गेमनं मारलं."

"मग? पोरीच्या लग्नाला बोलवायला तरी तू येणार हाईस, का त्योच गेम येतूय?"

रविवारी आम्ही दोघं विट्यावरून आटपाडीला गेलो. बायकोने आक्काला कुंकू लावलं, ओटी भरली. आक्काने पदर सावरत बोलावणं मान्य केलं, पण तोंडावर हसू येऊ दिलं नाही. जेवणं झाल्यावर नातवंडांचा पुठ्ठ्याचा पट तिने स्वतः बाहेरच्या सोप्यात मांडला.

डाव रंगात आला. तिला तीन पडले. माझी सोंगटी बरोबर तीन घरांवर. तिने आपली सोंगटी उचलली, माझ्या सोंगटीवर ठाणकन आपटली आणि माझी पार माझ्या मांडीवर फेकली.

"आक्का!"

"मुक्या माणसाला काय मारायचं?" ती म्हणाली. "आता बोलतूस न्हवं? मग खा मार."