माळ्यावरची पेटी

रविवार, दिवाळीनंतरचा दुसरा, सकाळी साडेदहा. हजर: मी, बायको, कॉलेजला असलेली मुलगी, करमाळ्याहून मुक्कामाला आलेल्या सासूबाई आणि माझा शाळेपासूनचा मित्र, जो दर रविवारी चहाला येतो. सोमवारी रंगारी येणार होते, म्हणून मी सहा कामांची यादी केली होती. चौथं काम माळा रिकामा करणे.

मुलीनं माळ्यावरून चादरीत गुंडाळलेली पत्र्याची पेटी खाली दिली. आत साठेक कॅसेट आणि एक शंभर पानी वही. कॅसेटच्या कव्हरांवर कवट्या, तलवारी, पंखवाले राक्षस.

“ही बला अजून हितंच व्हय?” सासूबाई माझ्या मित्राकडं बघून म्हणाल्या. “पंचवीस वर्षं झाली की. तुमची भुतं तुमच्या घरी न्या आता.”

“न्यायची राहूनच गेली बघा मावशी,” तो हसत म्हणाला.

ती पेटी माझी आहे. त्यातली एकही कॅसेट त्याची नाही.

अकरावीत मला हेवी मेटलचा नाद लागला. सात रस्ता चौकाजवळच्या एका दुकानात कोरी कॅसेट दिली की आठ दिवसांत भरून मिळायची. घरी वडिलांना रेडिओवरच्या बातम्यांपलीकडचा आवाज चालत नसे. मित्राच्या घरामागं चार मागांचा कारखाना होता, टॉवेल निघायचे. त्या खडखडाटात टेप कितीही मोठा लावला तरी बाहेर कुणाला कळायचं नाही. मी सुताच्या पोत्यावर बसून स्पीकरला कान लावायचो आणि वहीत प्रत्येक गाण्याला दहापैकी गुण द्यायचो. पहिल्या नंबरचा बँड संथ आणि जड, भरलेला ट्रक घाट चढतो तसा. दुसऱ्याचा गायक इतका वर जायचा की माझाच श्वास अडकायचा. तिसरा सुसाट. मित्र मागावर इकडून तिकडं सुटणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी बदलत मधूनच ओरडायचा, “संपलं का रे लेका तुझं भांडण?” त्याला जुनी तेलुगू सिनेमातली गाणी आवडायची. माझ्यासाठी तो रोज दोन तास ती बंद ठेवायचा.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासरे आमचं घर बघायला आले. ते मुख्याध्यापक होते. बॅग ठेवायला त्यांनी कॉटखालची पेटी ओढली आणि झाकण उघडलं.

“हे कुणाचं?”

मित्र शेजारून मागून आणलेल्या दोन खुर्च्या घेऊन दारात उभा होता. मी त्याच्याकडं बोट केलं. “याचं. ठेवायला दिलंय.”

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि खुर्च्या खाली ठेवल्या. “व्हय काका, माझंच हाय. आमच्यात ऐकू देत न्हाईत.”

“संगत बघून करत जा,” सासरे मला म्हणाले. मित्रानं लगेच पेटी सायकलच्या कॅरिअरला बांधून नेली. वऱ्हाडाच्या गाडीत कोण बसणार त्याची यादी मीच केली होती. तिच्यात त्याचं नाव होतं, ते मी खोडलं. तो एसटीनं आला, मागच्या पंगतीला जेवला आणि गेला. वर्षभरानं पेटी परत आणून दिली, घरच्या चादरीत गुंडाळून. आमच्यात ओल लागती, हितंच ठेवतो, एवढंच सगळ्यांसमोर म्हणाला.

तेव्हापासून आमच्या घरात त्याच्या भुतांची चेष्टा चालते. तीत मीही हसतो.

मुलगी वही चाळत होती. ती स्वतः मेटल ऐकते, हे मला माहीत आहे. “काका, हे तुमचं? कधी बोलला नाहीत! पण अक्षर तर बाबांचं आहे.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “याद्या करायला त्याला मीच लागायचो.” सगळे हसले, कारण ते माझ्याबाबतीत कुणालाही पटतं.

“मग काका, सगळ्यात आवडता कुठला?”

मागांपाशी आयुष्य गेल्यानं त्याला कमी ऐकू येतं. तिनं पुन्हा विचारलं. तो माझ्याकडं बघत राहिला. मी कप गोळा करायला लागलो.

“तीन नंबरचा,” तो म्हणाला. “मधी सगळं एकदम थांबतंय बघ, आन् मग गिटार अशी येती, धोटा सुटल्यागत.”

ते वाक्य माझं होतं. सतराव्या वर्षी त्याच्या कारखान्यात ओरडून सांगितलेलं.

“भारी, काका! जरा बाबांनाही शिकवा की, ते नुसती भावगीतं ऐकतात.”

तोच तिसरा बँड मी त्या सकाळी होम मैदानाला चार चकरा मारताना ऐकला होता.

“पेटी मी घेऊ?” तिनं त्याला विचारलं.

“घे की गं. पुसून ठेव तेवढं.”

“आता पोरीला बी लावा नादाला,” सासूबाई म्हणाल्या. तेही त्यानं ऐकून घेतलं.

फाटकापाशी तो चपला घालत असताना मी हळूच म्हणालो, “मी सांगणार होतो रे.”

“आं? काय म्हणलास?”

पुन्हा सांगायचं तर मोठ्यानं सांगावं लागलं असतं आणि आत ऐकू गेलं असतं.

“काही नाही. पुढच्या रविवारी ये,” मी म्हणालो.

त्या दुपारी मी यादीत सातवं काम लिहिलं: पेटी माझी आहे हे सगळ्यांसमोर, तो बसलेला असताना, त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगणे. आता रंग होऊन गेला आहे. तो तीनदा चहाला येऊन गेला. सासूबाई अजून इथंच आहेत. पहिल्या सहा कामांपुढं खुणा झाल्या. सातवं काम बाकी आहे.