चिंधाभाऊंच्या घरची मूठ

सुगंधा अक्का माझी चुलत जाऊ. वयाने माझ्याहून बरीच मोठी आणि हट्टाने त्याहूनही मोठी. साक्रीत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. तिच्याकडे मिरचीची फोडणी पडली की ठसका मला लागतो, आणि आमच्याकडे नवरा-बायकोचं वाजलं की निकाल ती देते, तोही कोणी न विचारता. सुरुवातीला मला तिचा फार राग यायचा. आता सकाळपासून तिचा आवाज आला नाही तर मीच भिंतीवर थापट्या मारते.

उन्हाळा आला की अक्काचे बिबडे सुरू. ज्वारी भिजवायची, भरडायची, शिजवायची आणि धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छपरावर, ओल्या धोतरावर पापडासारखी पसरायची. निम्मी साक्री तिच्याकडून बिबडे न्यायची. तिचे यजमान चिंधाभाऊ कोरडवाहू जमिनीत बाजरी आणि भुईमूग घ्यायचे, आणि पावसाने दगा दिला की बायकोची बिबड्यांची पाटी बाजारात मांडून निमूट बसायचे. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईने यांना चिंध्यांत गुंडाळलं आणि नावही तेच ठेवलं. अक्काचीही तीच गत झाली. तीन लेकरांतली एकटी हेमांगी राहिली. अक्काने बिबडे विकून तिला धुळ्याला नर्सिंगला घातलं, आणि शिक्षण संपतं न संपतं तोच, आमच्या लोकांना घाई असतेच, तिचं लग्न उरकून टाकलं.

ते लग्न टिकलं नाही. सासरच्यांबद्दल लिहायला बसले तर माझं तोंड सुटेल, म्हणून सोडून देते. सोडचिठ्ठी घेऊन हेमांगी माहेरी आली, महिनाभर कोणाशी बोलली नाही, आणि एक दिवस उठून नोकरीला लागली. आधी धुळ्यात, मग काही वर्षं आखातात आणि तिथून कॅनडात, म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात. तिथे कायम राहण्याचा परवाना मिळाला, ज्याला सगळे पीआर म्हणतात, तेव्हा अक्काने गल्लीभर पेढे वाटले. पीआर म्हणजे काय, असं तिने मला विचारलं. मला तरी कुठे ठाऊक होतं? मी ठोकून दिलं की तिथल्या सरकारने आपली पोर दत्तक घेतली.

हे दत्तक प्रकरण वाटलं तितकं साधं नव्हतं. त्या सरकारची एक अट होती. दर पाच वर्षांत निदान दोन वर्षं तुम्ही त्यांच्या देशात काढली पाहिजेत. तुकड्या-तुकड्याने काढली तरी चालतं, पण बेरीज भरली पाहिजे. नाही भरली तर परवाना जाऊ शकतो, आणि मग पुन्हा पाहुण्यासारखं दार वाजवायचं. परवाना मिळाल्यावर हेमांगी तिथे सहाएक महिने राहिली असेल, तेवढ्यात चिंधाभाऊंना घशाचा कॅन्सर निघाला. ती आली आणि सव्वा वर्ष बापाच्या उशाशी बसली. दिवाळीच्या तोंडावर ते गेले. वर्षश्राद्धापर्यंत थांबू नकोस, असं मीच तिला सांगितलं आणि तिने उन्हाळ्यातलं तिकीट काढलं. पण बिबडे घालताना अक्का धाब्यावरून शिडीसकट खाली आली आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. तिकीट रद्द झालं, धुळ्याला ऑपरेशन झालं आणि घरात वॉकर आला.

पोर असावी तर अशी, असं सगळी गल्ली म्हणायला लागली. म्हणणाऱ्यांपैकी एकाही बाईने अक्काला पाण्याचा तांब्या भरून दिला नाही, हेही सांगून ठेवते. हेमांगीने धुळ्याच्या एका दवाखान्यात नोकरी धरली. सकाळच्या एसटीने जायची, संध्याकाळी यायची, आल्यावर आईचा पाय चोळायची. असं करता करता वर्ष उलटून गेलं.

यंदा आषाढात आम्ही दोघी ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा तिने मला सहज सांगावं तसं सांगितलं. पाच वर्षं संपायला दीड वर्ष उरलं होतं, आणि दोन वर्षं भरायला तिथे अजून दीडच वर्ष राहायला हवं होतं. श्रावण संपायच्या आत गेली तर जमणार होतं. त्यानंतर कितीही धावपळ केली तरी नाही. मी हातातल्या शेंगा टाकल्या आणि म्हटलं, मग इथे काय करतेस? ती म्हणाली, आईचा पाय. पाय मलाही दिसत होता, म्हणून मी टाकलेल्या शेंगा परत उचलल्या.

त्या पायाचं सत्य मला श्रावणात दिसलं. पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती. मी माझ्या धाब्यावर कपडे वाळत घालत होते आणि पलीकडे बघते तर सुगंधा अक्का डोक्यावर गव्हाची पाटी घेऊन शिडी चढून वर येत होती. वॉकर नाही, काठी नाही, कण्हणं नाही. वर आली, पाटी उतरवली, धुतलेले गहू हाताने छान पसरले आणि मग तिची नजर माझ्याकडे गेली. त्याबरोबर बाईने कंबरेवर हात ठेवला आणि आईगं केलं.

मी धाब्यावरून धाब्यावर गेले आणि तिला चांगली फैलावर घेतली. पोरीचं तिथलं सगळं जायची वेळ आली आहे आणि तू सोंगं करतेस का, असं बरंच काही बोलले. नेहमी मला गप्प करणारी अक्का त्या दिवशी गव्हाकडे बघत राहिली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"ती गयी तर आठे मना कोन शे?" ती म्हणाली. पोर गेली तर इथे माझं कोण आहे?

तू एकटी नाहीस, मी आहे, असं मी म्हणायला हवं होतं. पण भिंतीपलीकडची जाऊ आणि पोटची पोर यांतला फरक मला कळतो. मी तिच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघींनी मिळून गव्हातले खडे काढले.

तरी माझा राग गेला नव्हताच. संध्याकाळी हेमांगी दवाखान्यातून आल्या आल्या मी तिच्या घरात शिरले आणि अक्काच्या देखत सगळं सांगून टाकलं. हेमांगीने पर्स खुंटीला लावली, चप्पल काढली आणि आईकडे बघून हसली.

"माय, कोनता पायवर लंगडस, हाई तुलेच याद ऱ्हास नही," ती म्हणाली.

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. नर्सच ती, किती महिने फसणार? मग गेली का नाहीस, असं मी विचारलं, आणि त्या एवढ्याशा घरात तिने मनातलं सांगितलं. तिला तिथलं आवडत होतं. तिथे दारावर तिच्या एकटीच्या नावाची पाटी होती, नवरा कुठे आहे असं कोणी विचारत नव्हतं, आश्रमातल्या म्हाताऱ्या तिच्या हाताने जेवायला हट्ट करायच्या. पण गेल्यावर मागे काय उरतं, हा विचार तिला पुढे जाऊ देत नव्हता. सासरची ती राहिली नव्हती. आणि इथली तरी कुठे होती? दर श्रावणात कानबाईच्या सणाला ती चुलीपुढे बसून देवीचे रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायची, आम्ही घरचे ते खायला बसायचो, आणि ती आत बसून साधी पोळी खायची. आई आहे तोवर या घराला तिच्यासाठी दार आहे. आई गेली की तेही नाही. म्हणून जेवढं राहून घेता येईल तेवढं राहून घेते, असं ती म्हणाली. अक्का तोंडाला पदर लावून ऐकत होती.

कानबाई आमच्याकडे सगळ्या घरांत नसते, आणि जिच्या घरी असते तिला श्रावणात दुसरं काही सुचत नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते. तिच्या रोटांसाठी भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे आणि ते दळायचे. रोट फक्त कुळातल्यांनी खायचे, बाहेरच्याला कणभरही द्यायचे नाहीत. लग्न होऊन गेलेली लेक म्हणजे बाहेरची. ती सोडचिठ्ठी घेऊन परत आली तर काय, हे कोणी कधी ठरवलेलंच नाही, म्हणून ती बाहेरचीच राहते. आमच्या कुळाची देवी मोठ्या घरी, म्हणजे अक्काकडे बसते. चिंधाभाऊ गेल्यापासून त्या घरात पुरुष नाही. देवी त्या घरात, सगळं करणं-सवरणं त्या घराचं, आणि मूठ मात्र त्या घराची नाही. इतकी वर्षं ती रीत मीही डोळे मिटून पाळली होती.

यंदा मूठ घ्यायला आम्ही सगळे अक्काकडे जमलो. वना आबा, म्हणजे माझे चुलत सासरे, कुळात सगळ्यांत वडील. ते भिंतीला टेकून नावं घेत होते आणि अक्का पाटीतून मुठी भरून सुपात टाकत होती. आबांची मूठ झाली, आमच्या ह्यांची झाली, आमच्या मुलाची झाली. नावं संपली. अक्काचा हात पुन्हा पाटीत गेला. तिने मूठ भरली, वर पाव मूठ घेतली आणि सुपात टाकली.

आबांनी विचारलं, "सुगंधा, हाई मूठ कोनी शे?"

"मनी आंडेरनी," अक्का म्हणाली. माझ्या लेकीची.

आमचे हे घसा खाकरून काहीतरी सुरू करणार होते, मी त्यांच्याकडे असं पाहिलं की खाकरणं तिथेच राहिलं. अक्काने हात सुपातच ठेवला होता. ती आबांना म्हणाली की सासरच्यांनी तिला काढून दिलं, बापाचं शेवटचं सगळं तिने केलं, देवीचे रोटही तीच करते, मग ती कोणाच्या कुळातली ते तुम्हीच सांगा. आबांनी सुपातले गहू हाताने सारखे केले. हा माणूस रीतीला पक्का. मला वाटलं, आता हे सगळं फिसकटतं.

"चिंधानं घर बिनमुठनं ऱ्हावाले नको," आबा शेवटी म्हणाले. "दया आते." म्हणजे, दळा आता.

हेमांगी दाराच्या चौकटीत उभी होती. ती आत निघून गेली आणि बराच वेळ मोरीतल्या नळाचा आवाज येत राहिला.

रविवारी देवी बसली, सोमवारी वाजतगाजत आमच्या गावच्या कान नदीवर गेली, आणि परत येऊन आम्ही रोटाला बसलो. गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी होती, खीर होती. हेमांगी सवयीने वाढायला उभी राहिली. आबांनी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि आपल्या शेजारी पाट सरकवला. तिने पहिला घास घेतला. मला समोरचं ताटही नीट दिसत नव्हतं. त्या दिवशी तिने दोन रोट खाल्ले, आणि उरलेले पुनवेच्या आत संपवायचे म्हणून पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तेच खाल्ले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, काकू, आता कुळातून काढलं तरी चालेल. मी तिला धपाटा घातला.

त्याच आठवड्यात ती निघाली. अक्काने वॉकर घरात ठेवला आणि बसस्टँडपर्यंत आमच्याबरोबर ताठ चालत आली. मी हात पुढे केला तर तो तिने झटकला. वाटेत भेटेल त्याला सांगत होती की पाय आता एकदम बरा आहे, पोरीच्या हाताला गुण आहे. हेमांगी एकदा आईच्या पायाकडे बघायची, एकदा माझ्याकडे.

बस लागली. बॅग वर चढवली तरी हेमांगी खालीच उभी होती. दीड वर्ष आता तिला सुट्टी घेऊन येणं परवडणार नव्हतं, एकेक दिवस मोलाचा होता. म्हणजे पुढची कानबाई तिच्यावाचून होणार होती. ते तिने आईला अडखळत सांगितलं, आणि मग लहान मुलीसारखं विचारलं, मी नसले तर माझी मूठ?

"मूठ टाकाले तू कशाले पायजे?" अक्का म्हणाली. "तठला लोकेस्ले दिन मोजू दे. आठे तुना दिन कोनी मोजस नही."

हेमांगीने तिला मिठी मारली. कंडक्टरने घंटी दिली तशी ती चढली आणि खिडकीशी बसली. अक्का हात हलवत होती, हसत होती, पायावर नीट भार देऊन उभी होती. बस स्टँडच्या फाटकातून बाहेर पडली, वळली आणि धुळ्याच्या रस्त्याला लागली. अक्का तशीच उभी होती, डोळे भरलेले, आणि तिने मान फिरवली नाही.

"गयी का बस?" तिने मला विचारलं.

गेली, मी म्हटलं.

"मंग आते धर माले."

मी तिला धरलं. घरी यायला आम्हाला खूप वेळ लागला.