‘गेत्स.’पुढची माझी दोन अक्षरं

“झी त्साइश्नेट नूर.” ही फक्त रेघा ओढते.

साहेब हे माझ्या देखत बोलला. नगरपालिकेच्या सभागृहात, मी केलेल्या नाट्यगृहाच्या मॉडेलवर हात ठेवून. महापौरांनी मला विचारलं होतं, जिना असा वळवून का घेतलाय? मी “आल्झो...”, म्हणजे ‘तर...’, म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात हा मधे पडला. उत्तर त्यानेच दिलं. तेही चुकीचं.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. जर्मनीतल्या आखनमधलं ऑफिस. नाट्यगृहाचं डिझाइन पहिल्या रेघेपासून माझं. आणि माझा गाढवपणा बघा. नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत ‘गेत्स.’ असं छापून पुढे माझ्या नावाची दोन अक्षरं असायची. व्हिसाच्या कचेरीतून येणाऱ्या पत्रांखालीही अधिकाऱ्याच्या नावाआधी हेच ‘गेत्स.’. तिथे त्याचा अर्थ, सही केली. मला वाटलं, नकाशावरही माझी सहीच आहे. दोन वर्षं फुगून होते. आईला फोनवर सांगितलं, नाट्यगृहावर माझी सही आहे. आईने जन्मभर बांधकामावर घमेली वाहिली. ती रडली.

सभागृहातून परतल्यावर ऑफिसातल्या एकाला विचारलं. तो हसला. नकाशावर ‘गेत्स.’ म्हणजे नुसतं रेखाटलं. वरच्या ओळीत ‘एन्टवुर्फ’, म्हणजे डिझाइन कुणाचं, तिथे साहेबाचं नाव. ते ऑफिसचं म्हणून लिहितात, असं मी समजत होते. लाज वाटली. मग राग आला.

आठवड्याने साहेबाने कागद पुढे सरकवला. त्यावर लिहिलेलं, डिझाइन सर्वस्वी त्याचं, मी फक्त त्याने सांगितल्याप्रमाणे रेखाटलं. सही केली तर तो अनुभवाचं पत्र देणार. पत्राशिवाय आर्किटेक्टांच्या चेंबरमध्ये नोंदणी नाही आणि नोंदणीशिवाय इथे स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. व्हिसावरही त्याच्याच ऑफिसचं नाव. नोकरी गेली की मीही गेले. सगळीकडून कोंडलेली.

मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहायचे त्या काकू पुण्याच्या, तीस वर्षं इथे. त्या म्हणाल्या, “अगं, करून टाक सही. व्हिसा त्यांच्या हातात आहे ना? गेनाऊ, बरोब्बर! मग गप्प बसावं. आणि तुमच्यातल्या मुलीला एवढं मिळालं, हेच...”

त्या चहा ढवळत बसल्या.

तुमच्यातल्या. हा शब्द त्यांनी तीस वर्षं जपून ठेवला होता. त्या रात्री मला कळलं, मी सही केली तर दोघंही खरे ठरतात. साहेब आणि काकू.

सकाळी कागद सही न करताच परत केला.

“नाइन. नाही. डिझाइन माझं आहे.”

“मग व्हिसाचं काय?” साहेबाने शांतपणे विचारलं.

मला भीती वाटत होती. खोटं कशाला सांगू? पण सही केली नाही. व्हिसा मार्चपर्यंत होता. ठरवलं, मार्चपर्यंत रोज नऊला येऊन माझ्या टेबलाशी बसायचं. हाकलायचंय? हाकल. पण लेखी. कारणासकट, खाली स्वतःचं नाव घालून.