काखेतला लाल चौबगला

मी कुसगावात कपडे शिवते. मागच्या वर्षी पुण्याच्या एका सरांनी किल्ल्यावरच्या कार्यक्रमासाठी जुन्या काळातले बारा अंगरखे शिवायला दिले. हातमागाचं पांढरं कापड त्यांनीच आणलं. बाह्या मनगटाशी चुण्या पडतील इतक्या लांब हव्यात, काखेत चौकोनी तुकडा, म्हणजे चौबगला, हवाच. काही चुकलं तर सगळे परत, असा दम भरला.

बाह्यांनीच कापड खाल्लं. चौबगल्यांना उरलं नाही आणि तसलं दुकानात मिळेना. मग मी माझा लाल सुती परकर फाडला आणि काखा भरल्या.

सरांनी अंगरखा घालून हात वर केला आणि लाल तुकडा बघत राहिले.

"मावशी, हे लाल कापड कुठलं?"

"जुनं हाय. घरातलंच."

"अप्रतिम! तलवार उगारली की रंग दिसावा, म्हणून त्या काळी लावत असणार."

"व्हय, त्याच्यासाठीच."

किल्ल्यावर बारा मावळे फोटोसाठी हात वर करून उभे राहिले. "लाल दिसू द्या!" सर ओरडत होते.

शेजारीण माझ्या कानाशी आली. "अगं, ह्यो तुझा परकर न्हाई का?"

"गप बस," मी म्हटलं. "आता त्यो इतिहास हाय."