सायलेन्सरला चिमटा

तापलेल्या सायलेन्सरचा वास आला की मला काकांची दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार आठवते. ‘आता रस्त्यात अडली की विकायची,’ असं काकूंनी बजावलं होतं. काकू आमच्या पुरानी बस्ती मोहल्ल्यातल्या देवळात शिरल्या आणि इकडे गाडीखाली सायलेन्सर धरून ठेवणारी पट्टी तुटून तो रस्त्यावर टेकला. काकांचा चेहराच उतरला. मी घरून आईचा लोखंडी चिमटा पळवला. काकांनी गाडीखाली शिरून तो वाकवला आणि पट्टीच्या जागी तारेनं आवळला. काकू आल्या, वाकून बघितलं. ‘हा तर वहिनींचा चिमटा हाये.’ काकांनी उरलेली तार खिशात कोंबली. ‘गोल बाजारातून चला,’ काकू गाडीत बसत म्हणाल्या, ‘वहिनीले एक घेऊ, अन् गाडीले दोन.’ माझी बायको काही अशी वाकून बघत बसत नाही. माझी जुनी मोटारसायकल तिनं परस्पर विकून टाकली.