कायमचा पत्ता

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा धुळ्याच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बँकेचा एक प्रतिनिधी टाय लावून आला. त्या खोलीत टाय फक्त स्नेहसंमेलनाच्या दिवशी दिसायचा, त्यामुळे आम्ही आधी त्याच्याकडे बघून घेतलं आणि मग त्याच्या कागदांकडे. क्रेडिट कार्ड, तेही पगारदारांना, तारण काही नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या गणिताच्या मॅडमनी लगेच फॉर्म भरायला घेतला. मग मीही घेतला.

मला त्या कार्डावर काही विकत घ्यायचं नव्हतं. मला हवं होतं ते त्यावर उठावदार अक्षरांत छापलेलं माझं नाव. मी रसायनशास्त्र शिकवत होते, नोकरीत कायम होऊन दोन वर्षं झाली होती, पण खोली भाड्याने घेताना मालकाने "घरचं मोठं माणूस घेऊन या" असं सांगितलं होतं आणि गॅसच्या नंबरासाठीही तेच ऐकलं होतं. कुणीतरी कधीतरी माझ्या एकटीच्या सहीवर विश्वास ठेवावा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

प्रतिनिधीने विचारलं, याआधी कर्ज, हप्ते, काही? मी मान ताठ करून सांगितलं, एका पैशाचं नाही. त्याचा चेहरा पडला. मॅडमनी स्कूटर हप्त्यावर घेतली होती आणि सगळे हप्ते वेळेवर फेडले होते, त्यामुळे त्यांचं काम सोपं होतं. माझी काही नोंदच कुठे नव्हती. म्हणजे ज्या बाईने जन्मात कुणाकडे हात पसरला नाही, तिच्यावरच बँकेचा भरवसा नव्हता. मी त्याला तसं ऐकवलंही. तो बिचारा म्हणाला की अशा वेळी कायमच्या पत्त्यावर जाऊन चौकशी करतात, काळजी करू नका. कायमचा पत्ता म्हणून मी असोद्याचा, वडिलांच्या घराचा लिहिला. दुसरा होताच कुठे?

पंधरा दिवसांनी वडिलांचं आंतरदेशीय पत्र आलं. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. सातवी शिकलेले, केळीचे दोन मळे, अक्षर मात्र मोत्यासारखं. लिहिलं होतं की तुझ्यासाठी एक चांगली चौकशी आली आहे, माणूस शिकलेला आणि गंभीर वाटला, सगळं विचारून लिहून घेऊन गेला, आता निरोपाची वाट बघतो आहोत. मी पत्र घडी करून कपाटात टाकलं. माझं एकोणतिसावं सरत आलं होतं. त्याआधी दोन स्थळं मी स्वतः नाकारली होती, कारण दोन्ही घरांना सून हवी होती पण तिची नोकरी नको होती. त्यानंतर आमच्या दाराशी कुणी फिरकलं नव्हतं. नानांनी मला त्यावरून कधी बोल लावला नाही, पण लग्नसराईत ते गावात जेवायला जायचं टाळू लागले होते हे आईकडून मला कळलं होतं.

पुढच्या महिन्यात मॅडमचं कार्ड आलं आणि मला नकाराचं पत्र. मी त्या प्रतिनिधीला बँकेत गाठलं. तो चौकशीचा अहवाल दाखवायला तयार नव्हता, पण मी हलेना म्हणून त्याने दोन ओळी वाचून दाखवल्या. अर्जदार लग्नानंतर नोकरी सोडण्याची शक्यता आहे, असे वडील सांगतात. दिलेला पत्ता कायमचा नाही, असेही वडील सांगतात.

मला तिथं उभ्या उभ्या सगळं समजलं. आमच्याकडे परका माणूस दारात येऊन "चौकशीसाठी आलोय" म्हणाला की त्याचा अर्थ एकच होतो. त्या माणसाने हेच शब्द वापरले असणार आणि नानांनी त्याला पुढे बोलूच दिलं नसणार.

तो शनिवार होता. दुपारची एसटी पकडून मी पारोळ्यावरून जळगावला आणि तिथून असोद्याला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. ओट्यावर नाना, आई आणि शेजारची काकू बसले होते. मला अवचित आलेली बघून नानांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, निरोप मलाच परस्पर आला आणि मी तो सांगायला आले. काकू तर लगेच सगळी हकिगत सांगायला लागली. पाहुण्याला भरीत-पुरी केली होती, त्याने दोनदा वाढून घेतलं, जाताना नानांनी मोटरसायकलला केळ्यांच्या चार फण्या बांधून दिल्या. पाहुण्याने पोरीच्या पगाराचं विचारलं तेव्हा नाना कसे झटकन म्हणाले, हे तिने त्यांच्याच आवाजात करून दाखवलं. "पोरीले नोकरीचा हट्ट नाही. तुम्ही सांगा, उद्या सोडते ती. अन् हा पत्ता काही तिचा कायमचा नाही, तिचा कायमचा पत्ता आता तुमच्या हातात आहे."

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. काकू घरी गेल्यावर सांगता आलं असतं. पण माझं तोंड पहिल्यापासून तिखट, आणि त्या दिवशी तर मी नव्वद किलोमीटर तो राग तापवत आले होते. पर्समधलं नकाराचं पत्र काढून मी खाटेवर आपटलं आणि काकूसमोरच म्हणाले, "तो बँकेचा माणूस होता, नाना. मला बघायला कुणी येत नाही. हे गावाला कळलं, तुम्हाला कधी कळणार? माझी नोकरी माझ्या हिमतीची आहे, ती तुम्ही दारात आलेल्या पहिल्या माणसाला देऊन टाकली."

नाना पत्राकडे बघत राहिले. हळूच म्हणाले, "माले काय माहीत, बाई. तो चौकशीले आलो म्हने."

"यापुढे माझ्याबद्दल कुणाशी एक शब्द बोलायचा नाही," मी म्हणाले. आई मला आत ओढत होती. काकू पदर सावरत उठली आणि गेली. रात्री जेवताना नानांनी भाकरी अर्धीच खाल्ली. सकाळी पहिल्या गाडीने मी परत निघाले, तर ते नेहमीसारखे थांब्यापर्यंत आले नाहीत. पत्र खाटेवरच राहिलं होतं. ते मागावंसं मला वाटलं नाही.

धुळ्याला येऊन मी बँकेला फर्ड्या इंग्रजीत दोन पानांचा तक्रारअर्ज लिहिला. दोन महिन्यांनी कार्ड आलं. माझ्या अर्जाने बँक हलवली, हे मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा सांगितलं की मॅडम कंटाळल्या. त्या कार्डावर मी पहिल्यांदा काय घेतलं, तर नाशिकला गेले असताना एक इस्त्री. नानांना कार्ड दाखवलं नाही. घरी जायची मी, पण दिवाळीला आणि उन्हाळ्यात, तेवढंच. त्यांनी माझा शब्द अक्षरशः पाळला. माझ्या लग्नाचं नाही, नोकरीचं नाही, पगाराचं नाही, काही म्हणजे काही विचारलं नाही. पाऊस, केळीचा भाव आणि आईचे गुडघे, एवढ्यावर आम्ही दीड वर्ष काढलं. मला वाटायचं, नाना फुगून बसले आहेत. बसू देत.

मग ते मळ्यातच पडले आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपले.

आई एकटी राहीना म्हणून तिला मी धुळ्याला आणली. घर बंद केलं, मळे वाट्याने दिले. सगळीकडचे पत्ते बदलायचे होते, तशी बँकेतही गेले. खिडकीवर एक वयस्कर कारकून होते. त्यांनी माझी फाइल काढली, चाळली आणि मान वर करून विचारलं, "टोपीवाले बाबा तुमचे वडील का हो?"

माझा तक्रारअर्ज फाइलमध्ये होता. त्यावर कुणी काही शेराही मारला नव्हता. त्याच्या खाली मी खाटेवर आपटलेलं नकाराचं पत्र होतं, नीट चार घड्यांचं, आणि त्याला टाचलेला एक कागद. अक्षर मोत्यासारखं.

"मी लिहून देतो की माझी मुलगी लग्न झाले तरी नोकरी सोडणार नाही. मागे मी बोललो ते चुकून बोललो, त्यात तिचा दोष नाही. तिचा कायमचा पत्ता असोदा हाच आहे. लग्न झाले तरी हाच, न झाले तरी हाच."

खाली सही, आणि सहीखाली वार आणि तारीख.

कारकून सांगत होते की बाबा बँक उघडायच्या आधीपासून पायरीवर बसून होते, कागद त्यांनी इथेच टेबलाशी बसून लिहिला, बारा वाजता साहेब मोकळे झाल्यावर त्यांनी तो वाचून लगेच शिफारस लावून पाठवला. पोरीला इथं बोलावू का, म्हणून विचारलं, तर नको म्हणाले. "तिले सांगू नका बरं. तिनं माले बोलाची बंदी केली आहे."

जे वाक्य नानांच्या तोंडून ऐकायला मी इतकी वर्षं भांडत आले, ते त्यांनी एका अनोळखी माणसाच्या टेबलाशी बसून लिहून दिलं होतं. मला फार रडू आलं, आणि त्या खिडकीपाशी मागे रांग होती. कारकुनांनी पत्ताबदलाचा अर्ज पुढे सरकवला आणि विचारलं, जुना पत्ता खोडायचा ना? मी नको म्हटलं.

कागदावरचा वार शनिवार होता. शनिवारी आमचं कॉलेज सकाळचं असे आणि साडेअकराला मी खोलीवर येत असे. बँकेतून एसटी स्टँडला जायचा रस्ता माझ्या खिडकीखालूनच जातो.