दीना टीचरने बसवून दिलेला पाठ

शेवगावच्या आमच्या गल्लीत दीना उजागरे टीचरएवढं चोख इंग्रजी कुणाचं नाही. खरं तर दुसऱ्या कुणाला ते येतच नाही. दहा-बारा वर्षं तासिकेवर राबल्यावर शाळेत इंग्रजीची कायम जागा निघाली, तेव्हा बाईंनी मुलाखतीसाठी नवी साडीसुद्धा घेतली. तेवढ्यात शाळेचे चेअरमन आण्णा दारात हजर.

"टीचर, आमच्या सूनबाईनं पन त्याच जागेला अर्ज केलाय. तिचा मुलाखतीचा पाठ तेवढा बसवून द्या. घरचंच काम हाय."

दीनाच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तोंड गोड ठेवून तिने सूनबाईला, म्हणजे स्नेहलला, एक शब्द निवडून दिला: डेस्परेट. अर्थ हताश, अगदी जिवावर उदार झालेला. स्नेहलला मात्र तिने सांगितलं, "म्हणजे आनंदाने भारावलेला." आता समितीसमोर हिची फजिती बघायची, एवढीच तिची आस.

मुलाखतीला स्नेहलने अख्ख्या वर्गाकडून एका सुरात वदवून घेतलं, "वुई आर डेस्परेट, बिकॉज चेअरमन सर हॅज कम!" समितीत इंग्रजी कळतंय कुणाला? आण्णा तर पाघळलेच. टाळ्या पडल्या आणि जागा घरातल्या घरात गेली.

दीनाची तासिका तेवढी राहिली. सोमवारी तिने फळ्यावर खरा अर्थ लिहिला, खाली वाक्य लिहिलं, "द टीचर वॉज डेस्परेट फॉर द जॉब." पुढच्या बाकावरची पूजा गोंधळून उभी राहिली.

"टीचर, स्नेहलबाईंनी तर उलटं सांगितलंय. पेपरात कुणाचं लिहायचं?"

दीनाने डस्टर उचललं.

"त्यांचंच लिही, बाळा. पेपर त्याच तपासणार."